टर्बोची दोन, शिंकेची पाच

फाटकातून बाहेर पडताना गाडी शिंकली.

हसू नका. गाड्या शिंकत नाहीत हे मलाही माहीत आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय, फर्स्ट क्लास आहे, आणि ती मार्कशीट आईनं अजून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय. पण त्या सकाळी साडेसात वाजता, आमच्या धाराशिवच्या घरासमोर, मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि बॉनेटच्या आतून आवाज आला, "आ... फ्छीऽऽ!" अगदी भरल्या नाकाचा, मोकळा, समाधानाचा आवाज!

मी दचकले. आता मी दचकणं हा काही पुरावा नव्हे. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेली असते, तिसरी आता होणार हे मला ठाऊक असतं, आणि तरी तिसरीला दचकते. पण शेजारी आत्या बसल्या होत्या. येरमाळ्याच्या माझ्या थोरल्या आत्या, बाबांपेक्षाही मोठ्या. मागं एकदा शेतात त्यांच्या पायावरून साप गेला, तर त्यांनी त्याला "सरळ जा की रं" म्हणून सांगितलं होतं. त्या आत्यासुद्धा दचकल्या.

"कोण शिंकलं गं?"

"कुणी नाही आत्या. गाडीचा आवाज झाला."

"म्हंजी गाडी शिंकली."

"अहो, गाडी कशी शिंकेल?"

"त्ये मला काय म्हाईत? गाडी तुमची हाय."

गाडी आमचीच होती. म्हणजे दादाची.

या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा गाढवपणा तुम्हाला पुरता कळायचा नाही. दादानं ही गाडी दीड वर्षापूर्वी मुंबईहून जुनी आणली. लाल, बुटकी, दोन दारांची. स्पोर्ट्स कार. तिला मुळातच टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. एवढ्यावर शहाण्या माणसाचं भागलं असतं. दादाला आणखी मोठा पंखा हवा होता.

मग दीड वर्ष ती गाडी आमच्या अंगणात पोट उघडं टाकून पडली होती. एका बाजूला आईचे पापड वाळताहेत, दुसऱ्या बाजूला दादाचे धुतलेले नटबोल्ट वाळताहेत. मोठा टर्बो बसला. कोंबलेली हवा तापते, ती गार करायला पुढं मोठी जाळी बसली. मोठा सायलेन्सर बसला. सगळं दादानं नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हातानं बसवलं. दोनदा चुकलं, दोनदा खोललं, पुन्हा बसवलं. राहिलं होतं शेवटचं काम: गाडीच्या कॉम्प्युटरला या नव्या टर्बोची ओळख करून देणं. त्यालाच ट्यूनिंग म्हणतात. ते करणारे सर बंगळूरचे. सोलापूरच्या एका गॅरेजात ते एकाच दिवसासाठी येणार, गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवणार, लॅपटॉपवर तिचं डोकं ठिकाणावर आणणार आणि दुपारच्या रेल्वेनं परत जाणार. दादाला दहाची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची कधी, हे सरांनाही सांगता येत नव्हतं.

दादा तयारीसाठी आदल्या दिवशीच सोलापूरला गेला होता. गाडी त्याचा मित्र सचिन आणणार होता. पहाटे सचिनचा फोन आला, बायकोला दवाखान्यात न्यावं लागतंय, दिवस भरलेत. बाबा गावाला. आता गाडी कोण नेणार?

"मी नेते," मी म्हणाले.

आईचं लाटणं पोळपाटावर थांबलं. आमच्या घरात मला कुणी काही काम सांगत नाही. प्रेमानंच सांगत नाहीत. दचकते, सांडते, रडते, असू दे तिला. मी बाबांची गाडी रोज बाजारात नेते, लायसन्सला तीन वर्षं झाली, तरी घरच्यांच्या लेखी मी अजून मागच्या सीटवरच.

मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "चिमणे, नक्की?"

"नक्की."

"आण मग."

त्या 'आण मग'वर मी महिनाभर हवेत चालले असते! पण मला साठ-सत्तर किलोमीटर जमिनीवरून चालवायचं होतं.

दादानं तीन सूचना दिल्या. मी त्या हातावर पेनानं लिहून घेतल्या. एक: समोर नवीन बसवलेलं गोल मीटर आहे, टर्बोचा दाब दाखवतं. कॉम्प्युटरला अजून या टर्बोची ओळख नाही, म्हणून काटा अर्ध्यावर आला की पाय काढायचा. त्याच्या पुढं गेला तर इंजिनाचं काही खरं नाही. दोन: गाडी धावून आली की फटकन बंद करायची नाही, दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, टर्बो थंड होतो. तीन: स्टिअरिंगखाली एक डबी लावलीय, हिरवा दिवा लुकलुकतो. तिला हात लावायचा नाही. त्या डबीतून गाडीची नाडी थेट सोलापूरला सरांच्या स्क्रीनवर दिसते.

आणि आत्यांना तुळजापूरला नणंदेकडं जायचं होतं, वाटेतच तर आहे, म्हणून आईनं त्यांना माझ्या शेजारी बसवलं. बसवलं म्हणजे, त्या खोलगट सीटमध्ये उतरवलं. वर दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे बांधले. "मला कशापायी बांधताव गं? म्या काय पळून चाललेय का?" असं त्या म्हणेपर्यंत आम्ही फाटकाबाहेर होतो. आणि गाडी शिंकली.

तर, आत्या म्हणाल्या, "बंद कर गाडी."

"आत्या, दहाला पोचायचंय."

"मग निघताना झालेली शिंक संगट घिऊन जाणार व्हय? दीड वरसाचं काम हाय माज्या पोराचं. खाली उतर. घोटभर पानी पी. पाच मिनटं बस. मग नव्यानं निघ."

तुमच्या घरी असं कुणी म्हणत नसेल तर तुम्ही भाग्यवान. आमच्याकडं निघताना शिंक झाली की माणूस बसतो. पाणी पितो. मग नवीन निघणं सुरू होतं, जुनं रद्द. मी गाडी बंद करायला हात नेला, तर हातावरची सूचना क्रमांक दोन दिसली! मग दोन मिनिटं गाडी चालू ठेवून टर्बो थंड केला, नंतर गाडी बंद केली, नंतर आमच्याच फाटकाच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसलो. टर्बोची दोन, शिंकेची पाच. सात मिनिटं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्याकडं बघत होती.

पुन्हा निघालो. कोपऱ्यापर्यंत ठीक. मोठ्या रस्त्याला लागलो, मी जरा पाय दाबला, तर गाडी अशी सुटली की माझं डोकं मागं आपटलं. काटा सर्रकन अर्ध्याकडं निघाला. मी घाबरून पाय उचलला.

"आ... फ्छीऽऽ!"

"थांब," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आता आपण निघताना कुठं आहोत? आता तर वाटेत आहोत."

"आत्ताच निघालो न्हवं नव्यानं? मग ही निघतानाचीच की."

तुम्हीच सांगा, यात खोट कुठं आहे? मला तरी सापडली नाही. दोन आणि पाच, सात.

तिसरी शिंक शहराबाहेर पेट्रोल पंपापाशी. चौथी एका ट्रॅक्टरला ओलांडताना. त्या ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला बसलेलं बघितलं, हात केला, पुढं गेला. मग आम्ही त्याला गाठलं, ओलांडलं, शिंक झाली, बसलो, तो पुन्हा पुढं गेला. हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं ट्रॅक्टर हळू करून विचारलं, "ताई, येवढी भारी गाडी, आन् सारखी बसताय का खाली?"

"गाडीला सर्दी हाय," आत्यांनी सांगितलं.

"आँ?"

"दीड वरीस अंगणात उघड्यावर ठिवली, सर्दी हुईल न्हाय तर काय?"

तो मान डोलवून गेला. त्याला पटलं! मला मात्र काही कळेना. काही बिघडलं असेल का? मीटरचा काटा तर अर्ध्याच्या आत होता. लाल दिवा एकही लागला नव्हता. मग शिंकते का? आणि नेमकी मी घाबरून पाय उचलला की का? मी दादाला फोन लावला. 'आपण संपर्क करू इच्छिणारी व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.' पुन्हा लावला. दुसऱ्या कॉलवर.

तेवढ्यात त्याचाच मेसेज आला. "चिमणे, गाडी बंद का पडतेय? इथं स्क्रीनवर दिसतंय. सर विचारतायत."

आता माझ्या हातून जे घडलं, ते इथं घडलं. खरं काय ते लिहायला मला किती वेळ लागला असता? 'शिंकते म्हणून थांबतो.' तीन शब्द. मी ते टाइपही केले. मग डोळ्यांपुढं आलं, की बंगळूरचे सर, चष्मा असणारच त्यांना, दादाच्या खांद्यावरून वाकून हे वाचताहेत. दादाची बहीण. फिजिक्स. मी ते तीन शब्द पुसले आणि लिहिलं, "थोडी गरम वाटली."

किती छान वाटलं मला ते! तांत्रिक वाटलं. जबाबदार वाटलं.

लगेच उत्तर, "गरम? इथं तर तापमान एकदम नॉर्मल दाखवतंय."

मी लिहिलं, "मला वाटली."

मग उत्तर आलं, "ठीक. पुन्हा तसं वाटलं तर पाच मिनिटं थांबत जा."

आत्यांना वाचून दाखवायला नको होतं, पण दाखवलं.

"बघ!" आत्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या. "तुझा इंजिनेर काय सांगतोय? पाच मिनटं! म्या येगळं काय सांगत हुते?"

पुढं रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान दिसलं. बाजूला दोन ट्रक उभे, आणि एका ट्रकच्या खालून पांढऱ्या दाढीचे चाचा बाहेर येत होते. मी गाडी तिथं घातली. हो, शिंक झाली होतीच, तसंही थांबायचंच होतं.

चाचांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि तोंडानं कौतुकाचा आवाज काढला. "माशाल्ला. किसने बसवलं हे सगळं?"

"माझ्या दादानं. चाचा, ही गाडी शिंकते."

"दाबा बरं पाय. आता सोडा." फ्छीऽऽ! चाचा हसले. "बेटा, हे शिंकणं न्हाय. टर्बो हवा कोंबतो. तुम्ही पाय उचलला की इंजिन म्हणतं, बस झालं, नको. मग ती हवा कुठं जाणार? ही बघा, ही शिट्टी हाय हवा सोडायची. उघडते, हवा बाहेर. तुमच्या दादानं मोठी बसवली, म्हणून आवाज मोठा. फिकर करू नका. आन् पाय असा इंचू चावल्यासारखा उचलू नका, हळू सोडा."

बघा, केवढं सोपं होतं! फिजिक्सच होतं सगळं. दाब, झडप, हवा. मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. मी आत्यांकडं जाऊन सगळं समजावून सांगितलं. आत्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी नाकात हवा कोंडती, मग जोरात भाईर येती."

"हो आत्या. बरोबर."

"मग आपुन त्याला शिंकच म्हंतो की गं."

मी परत चाचांकडं गेले. "चाचा, या शिट्टीचं तोंड बंद केलं तर?"

"तर हा आवाज येणार न्हाय. पर हवा..."

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं हे आता सगळेच म्हणतात. चाचांना ट्रकवाल्यानं हाक मारली, ते वळले, आणि मी माझा हातरुमाल घडी करून, सुतळीनं आवळून, त्या शिट्टीच्या तोंडात गच्च बसवला. बॉनेट खाली. चला!

गाडी सुटली. काटा अर्ध्यावर आला. मी पाय उचलला, अर्थात इंचू चावल्यासारखाच. श्वास रोखून ऐकलं.

शिंक नाही! मी विजयानं आत्यांकडं बघितलं.

आणि बॉनेटच्या आतून आवाज आला, "चुक् चुक् चुक् चुक् चुक्."

आत्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"पाल," त्या हळूच म्हणाल्या.

"आत्या, पाल नाही, ती कोंडलेली हवा आहे, उलटी फिरून..."

"पोरी, शिंकंला पाच मिनटं हायत. पाल चुकचुकली तर माघारी घरी जायाचं असतंय."

घरी! धाराशिवला! घड्याळात नऊ वाजत आले होते. मी कचकन गाडी कडेला घेतली (दोन मिनिटं टर्बो, ते मी विसरत नव्हते), बॉनेट उघडलं, हात भाजून घेतला, रुमाल ओढून काढला आणि रस्त्याच्या पलीकडं भिरकावला.

"गेली पाल," मी सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. आता फक्त शिंक."

"मग काय हरकत न्हाय," आत्या म्हणाल्या आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. पाच मिनिटं बसलो.

तुळजापूरला पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होते. एवढ्या वेळात लोक पायी आले असते, काही तर येतही होते. दादाचा मेसेज होता, "सरांना थांबवलंय. ये लवकर. इतका शिस्तीतला बिघाड सरांनी आयुष्यात बघितला नाही म्हणतात. दोन मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, सेकंदाचा फरक नाही." मी फोन लावला. दुसऱ्या कॉलवर.

आत्यांना सीटमधून ओढून बाहेर काढलं. त्यांनी पदर सारखा केला, बाटली भरून आणली आणि सीटवर ठेवली.

"एकटी चाललीस. शिंकली तर थांबत जा."

"हो आत्या."

"व्हय म्हणतीस, पर थांबायची न्हाईस तू. शिकलेली हाईस." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्या गल्लीत शिरल्या.

आता मी मोकळी! शेजारची सीट रिकामी, पुढं सोलापूरचा मोठा सरळ रस्ता, आणि मला सगळं कळलेलं. दाब, झडप, हवा. घाट उतरले. पाय हळू सोडायचा, चाचांनी सांगितलं तसा. घाटात एकदाही आवाज आला नाही. मी गाणंसुद्धा म्हणायला लागले.

घाटाखाली मागून एका बसनं असा हॉर्न दिला की मी दचकून पाय उचलला.

"आ... फ्छीऽऽ!"

मी हसले. मोठ्यानं हसले, एकटीच. झडप, म्हटलं, झडप आहे ती. आणि गाडी तशीच पुढं घेतली. शंभर मीटर गेले. दोनशे गेले. पुढं एक कुत्रं रस्ता ओलांडत होतं, त्यानं माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं. तिकडं आभाळात एकच ढग होता. नेमका सोलापूरच्या बाजूला. मनात आलं, दीड वर्षाचं काम. दोनदा खोललं, पुन्हा बसवलं. मला दिलंय विश्वासानं.

मी थांबले. फोन बघायला थांबले. फोन बघायला थांबणं हा वाहतुकीचा नियमच आहे. फोन बघायचा तर गाडी बंद केलेली बरी. बंद करायची तर दोन मिनिटं टर्बो थंड करायला हवा. आणि ऊन होतं, तहान लागली होती, पाणी प्यायले. किती वेळ बसले ते मी मोजलं नाही. बरं, मोजलं.

दुसऱ्यांदा टायर बघायला थांबले. टायर बघायला बसावं लागतं.

तिसऱ्यांदा, तामलवाडीच्या अलीकडं, काही बघायला नव्हतं. मी एका बाभळीखाली बसले, बाटलीचं झाकण उघडलं, घोट घेतला, आणि फोन थरथरला.

दादा. "चिमणे, सर नको म्हणतायत. स्क्रीनवर गाडी थंड दिसते, तू म्हणतेस गरम, म्हणजे सेन्सर खोटं सांगतायत. खोट्या सेन्सरवर नवीन टर्बो ट्यून केला तर इंजिन फुटेल. रोलर बंद करायला सांगितलाय त्यांनी. तू आहेस तिथंच थांब, गाडी उचलून आणायला टेम्पो पाठवतो. तुझी काही चूक नाही."

तुझी काही चूक नाही! हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यापेक्षा रागावला असता तरी चाललं असतं. दीड वर्ष. आणि ती गाडी बिचारी समोर उभी होती, धडधाकट, लालबुंद, अंगात काही दुखणं नाही, आणि तिला टेम्पोत घालायला निघाले होते. कुणामुळं? गरम कुणाला वाटली होती?

मी लिहिलं, "गाडीला काहीही झालेलं नाही. मी खोटं बोलले." पाठवलं. निळ्या खुणा येईनात. लिहिलं, "सरांना थांबव." निळ्या खुणा नाहीत. फोन लावला. दुसऱ्या कॉलवर. पुन्हा. दुसऱ्या कॉलवर. इतका वेळ हा कुणाशी बोलतोय? टेम्पोवाल्याशी? मी बाभळीभोवती फेऱ्या घालायला लागले. एका हातात फोन, एका हातात उघडी बाटली, पाणी पायावर सांडतंय. काय बोलायचं ते मी मोठ्यानं घोकत होते. दादा, गाडी ठणठणीत आहे. दादा, ती झडप आहे. दादा, आत्या म्हणाल्या म्हणून. हो, तेच बरं. आत्या म्हणाल्या म्हणून थांबत होतो. मी तर शिकलेली आहे, मला माहीत होतं, पण वडीलधाऱ्यांचं मन कसं मोडायचं? वा! यात माझी बाजू अगदी स्वच्छ निघत होती. मला रडू यायचं थांबलं. मी आणखी एकदा नंबर दाबला.

रिंग गेली. एक. दोन. तिसरीला मी दचकले, आणि फोन उचलला गेला.

"दादा, ऐक आधी, गाडीला काही..."

"माहीत आहे," दादा म्हणाला. आवाज विचित्र होता, हसू दाबल्यासारखा, आणि त्याच्यामागं आणखी चारपाच माणसं खोकत होती. "आत्ता आत्यांशीच बोलत होतो. त्यांनी सगळं सांगितलं, सर्दीपासून पालीपर्यंत. सरांनी रोलर पुन्हा चालू करायला सांगितलाय, ये तू. फक्त त्यांना एक समजत नाहीये. तू स्पीकरवर आहेस, त्यांनाच सांग." मग जरा थांबून, अगदी मायेनं, "आत्या तर तुळजापूरला उतरल्या. मग घाटाच्या खाली तीनदा गाडी कुणी थांबवली?"